पेजेवरचं पाणी

आमच्या घरी पेजेचे दोन वाटे होत. मडक्याच्या तळाशी बसलेली शितं ती खालची. त्यांच्यावर उभं राहिलेलं पांढुरकं, जरासं चिकट पाणी ते वरचं. मालवणीत 'वरचा'. पेज निवली की सासूबाई, आम्ही त्यांना आये म्हणत असू, करवंटीच्या डवलीने ते वरचं अलगद काढून घेत. ते आजाऱ्याला, बाळंतिणीला आणि दात पडलेल्यांना. खालची शितं होडीवर जाणाऱ्या पुरुषांना. मधल्या वयाच्या धडधाकट बायकांच्या वाट्याला काय येई, ते मडक्यालाच विचारावं.

"वरचा काढलंस गो?" "वरचा दी तेका," असं आमच्याकडे दिवसातून दहादा बोललं जाई. या शब्दाला जगात आणखी काही अर्थ असेल, हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं. आणि तोंडवलीतल्या आमच्या वाडीत सगळ्यात शिकलेली बाई मी होते. म्हणजे चौथी पास.

साल अठ्ठावन्न. पौषात वाडीत गोवर आला आणि घरोघर फिरून गेला. बाबलीला तो जरा जास्तच झाला. बाबली हा माझ्या धाकट्या जावेचा, शेवंतीचा मुलगा, चौदा महिन्यांचा. पाळण्यातलं नाव हरिश्चंद्र, पण एवढ्याशा जिवाला एवढी लांब हाक कोण मारणार? गोवर उतरला तेव्हा अंगावरचे पुरळ गेले आणि मांड्यांवरचं मांसही गेलं. तोंडात फोड आले होते म्हणून त्याने छातीला लागणं सोडलं होतं. शेवंतीचं दूध आटत आलं होतं. त्यात तिला स्वतःला ताप. आये बाबलीला मांडीवर घेऊन शिंपीने पेजेचं वरचं पाजत बसे. शिंपी म्हणजे शिंपलाच, पण कड दगडावर घासून गुळगुळीत केलेला. लहान तोंडाला चमच्यापेक्षा तो बरा बसतो.

माघ लागला आणि पोरांच्या ओकाऱ्या-जुलाबांची साथ आली. शेजारच्या सावित्रीकाकीची तीन नातवंडं एकाच दिवशी आडवी झाली. सकाळी ओकली, दुपारी पाण्यासारखं झालं, आणि तिसऱ्या दिवशी तिघंही रापणीचं जाळं ओढणाऱ्यांच्या पायांत लुडबुडत होती. बाबलीला लागलं ते चौथा दिवस उजाडला तरी थांबेना. त्याचा बाप, माझा दीर सहदेव, मचव्यावर खलाशी होता आणि मचवा मुंबईच्या वाटेवर. तेव्हा आयेने बाबलीला फडक्यात गुंडाळलं, माझ्या नवऱ्याने, गुणाजीने, भरतीबरोबर होडी खाडीत वर घेतली आणि आम्ही मसुऱ्याला बापट डॉक्टरांकडे गेलो.

डॉक्टर घाटावरचे. त्यांच्याशी बोलायचं काम माझं, कारण आये त्यांच्यापुढे तोंडच उघडत नसे. डॉक्टरला मालवणी ऐकवली तर औषध लागू पडत नाही, असं तिचं मत होतं. मी मात्र पदर सारखा करून पुस्तकात असतं तसं बोलायची तयारी होडीतच केली होती.

डॉक्टर घाईत होते. आंगणेवाडीची जत्रा दोन दिवसांवर आली होती, तिथे येणाऱ्या हजारो माणसांना पटकीची लस टोचायची म्हणून खोकी भरणं चाललं होतं. तरी त्यांनी बाबलीला नीट पाहिलं. पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली आणि ती परत कशी बसते ते बघत राहिले.

"गोवर येऊन गेला?"

"हो डॉक्टरसाहेब. पौष महिन्यात."

"हं. गोवर गेला, पण जाताना दाराचा अडसर काढून घेऊन गेला. आता जे येईल ते सरळ आत शिरणार. बाकीची पोरं दोन दिवसांत उठली असतील, हा लवकर उठायचा नाही. अंगात लढायला काही उरलंच नाहीये. वरचं काही देता का याला?"

मी मान ताठ केली. "देतो ना. वरचं दिवसातून चार-पाच वेळा देतो."

"ते बंद. अगदी बंद. अंगावरचं तेवढं चालू ठेवा. या पुड्या तीन वेळा."

"वरचं बंद, अंगावरचं चालू, पुड्या तीन वेळा," मी धडा म्हणून दाखवला. डॉक्टर म्हणाले, "शाबास." ती शाबासकी मी होडीपर्यंत जपून आणली.

"काय म्हणालो गो तो?" आयेने होडीत बसल्यावर विचारलं.

"वरचा बंद करूक सांगल्यान."

"वरचा?" आये माझ्याकडे बघत राहिली. "मगे ह्या पोर कशार जगात?"

"आये, डॉक्टर तो की तुमी?" मी म्हणाले.

आये गप्प झाली. सासूला गप्प करायचा माझ्या आयुष्यातला तो पहिलाच प्रसंग. त्याचा मला आनंद झाला, हेही सांगून टाकते.

त्या दिवसापासून बाबलीला पेजेचा थेंब दिला नाही. शेवंती त्याला छातीशी धरी, तो दोनदा ओढी आणि तोंड बाजूला करी. काही येतच नव्हतं. पुडी मधाच्या बोटावर चाटवायची, ती दहा मिनिटांत बाहेर. खालून पाणी चालूच. दुसऱ्या दिवशी त्याचे डोळे खोल गेले. तो रडे, पण डोळ्यांत पाणी येईना. आये पेजेचं मडकं चुलीवरून उतरवी, तेव्हा डवलीचा आवाज ऐकून तो तिकडे हात करी. आये पाठ फिरवून बसे.

"वैनी, माका बघवना," शेवंती म्हणाली. "एक शिंपी दितंय. एकच."

"नको गो. डॉक्टरान एकदम बंद म्हणान सांगल्यान." मी तिच्या हातातून शिंपी काढून घेतली. अगदी हळू काढून घेतली, पण काढून घेतली.

सावित्रीकाकी पडवीत बसली होती. ती मला ऐकू जाईल इतक्याच हळू आवाजात म्हणाली, "सवताच्या पोटचा असता तर हात लागलो असतो काय?"

लग्नाला नऊ वर्षं झाली होती आणि माझा पाळणा हलला नव्हता. मी ऐकलं नाही असं दाखवलं आणि शिंपी फळीवर, उंच ठेवली.

तिसऱ्या दिवशी उजाडताना बाबलीने रडणंही सोडलं. डोळे अर्धे उघडे, ओठांना भेगा. आयेने त्याच्या टाळूवर बोट ठेवलं. टाळू खाली बसली होती, बोट तिथे मावत होतं.

"चंद्रावती," आये म्हणाली. तिने मला पूर्ण नावाने हाक मारली की घरात काहीतरी मोठं असे. "जा. परत इचारून ये. ह्या काय बरा दिसना."

"तेका घेवन जावया?"

"होडयेत मरात तो. तू जा. बेगीन."

भरती लागलीच होती. गुणाजी वल्ही मारत राहिला. मसुऱ्याच्या धक्क्यावर उतरून मी धावत दवाखान्याशी गेले, तर दाराला कडी. ओट्यावर कंपाउंडर पान लावत बसला होता.

"साहेब आंगणेवाडीक. आज जत्रा नाय? टोचणेर आसत."

मी तशीच निघाले. माझ्यासारख्याच शेकडो बायका त्या वाटेने चालल्या होत्या. त्यांच्या हातांत ओटीचं सामान आणि केसांत अबोली होती, आणि मी चुलीपुढच्या लुगड्यात पळत होते. जत्रा भराडीआईची, तिच्याच वाटेने जाऊन तिला टाळल्यासारखं नको म्हणून मी मनात एवढंच म्हटलं, आई, तुझ्याकडे मी नंतर येते, आधी डॉक्टर.

देवळाच्या अलीकडे बांबू बांधून वाट अडवली होती. टोचून घेतल्याशिवाय कुणाला पुढे सोडत नव्हते. चार टेबलं, स्पिरिटच्या दिव्यावर सुया उकळत होत्या, आणि शेवटच्या टेबलाशी बापट डॉक्टर, बाह्या दुमडलेल्या. मी सरळ त्यांच्याकडे निघाले, तर पोलिसाने काठी आडवी धरली.

"लायनीत."

"माका टोचूचा नाय. माका डॉक्टराक इचारूचा आसा."

"टोचूचा नाय अशा सगळे म्हणतत. लायनीत ऱ्हव."

बायका हसल्या. एक म्हणाली, "गो बाय, देवीक तुझी इतकी घाय नाय." दुसरी म्हणाली, "सुयेक भियाता ती. डोळे मिट, काय व्हणा नाय." मी रांगेत उभी राहिले. माझ्यापुढे चाळीसएक दंड होते. प्रत्येक बाई दंड पुढे करताना एकदा किंचाळायची, मागची तिला हसायची, मग तिची पाळी आली की तीही किंचाळायची. घरी बाबली श्वास घेतोय की नाही ते मला माहीत नव्हतं, आणि इथे कुणाला हसू आवरत नव्हतं.

पाळी आली. डॉक्टरांनी मान वर न करता माझा दंड धरला.

"डॉक्टरसाहेब, तोंडवलीचं पोर. गोवराचं."

"हात सैल सोडा."

"तुम्ही सांगितलंत ते सगळं केलं. वरचं तेव्हापासून बंद आहे. तरी थांबत नाही. आता रडतही नाही."

सुई आत गेली. मला कळलीही नाही. डॉक्टरांनी आता वर बघितलं.

"वरचं दूध बंद केलंत. मग पाजताय काय? पेजेचं पाणी तरी व्यवस्थित जातंय ना पोटात?"

मला नीट ऐकू आलं होतं. तरी मी विचारलं, "दूध?"

"वरचं दूध हो. गाईचं, म्हशीचं, डब्याचं, जे काय देत होतात ते."

"आमच्याकडे दूध नाही," मी म्हणाले. "आमच्या वाळूत गाय नाही. वरचं म्हणजे... पेजेचं. पेजेवरचं पाणी."

डॉक्टरांनी सुई बशीत ठेवली. माझ्या मागची बाई दंड पुढे करून उभी होती, ती तशीच राहिली.

"पेज बंद केलीत?"

मी मान हलवली.

"दोन दिवस पोराला पाणी नाही?"

माझी पुस्तकातली मराठी संपली. "तुमीच सांगलात," एवढंच मी म्हणाले.

त्यांनी ओठ घट्ट मिटले. मला वाटलं आता हा माणूस मला सगळ्या जत्रेसमोर फाडून खाणार. पण ते खुर्ची सरकवून माझ्याजवळ आले.

"हे बघा, चूक दोघांची. ती आपण नंतर वाटून घेऊ. लघवी कधी केली त्याने?"

"आठवत नाही. काल दुपारपासून फडकं ओलं होतं ते जुलाबानेच."

"आता जा. पेजेचं पाणी, त्यात मीठ. आपल्या डोळ्यांतलं पाणी असतं तेवढंच खारट, जास्त नाही. शिंपीने पाजा, थांबून थांबून. ओकला तर जरा वेळ जाऊ द्या आणि पुन्हा सुरू. जुलाब होतच राहतील, आणखी आठवडाभरही होतील. ज्याची ताकद गोवराने नेली त्याचं असंच चालतं. त्याला घाबरून हात आखडायचा नाही. जेवढं जातंय तेवढं भरत राहायचं. शहाळी आहेत ना?"

"आहेत."

"माडाखाली राहता आणि पोर तहानेने मारता काय!" ते एवढं बोलले आणि लगेच आवाज खाली आणला. "दिवे लागायच्या आत लघवी झाली तर पोर तुमचं. नाही झाली तर उचलून दवाखान्यात आणा, कसंही. मी परत आलेला असेन. पळा."

गुणाजी धक्क्यावर उभाच होता. सुकती लागली होती, पाणी समुद्राकडे चाललं होतं. ते आम्हाला घराकडे नेणार होतं खरं, पण खाडीतल्या वाळूच्या पुळणी उघड्या पडायच्या आत पोचायला हवं होतं. मी होडीत बसले. अर्ध्या वाटेवर मी त्याला सगळं सांगितलं. त्याने वल्ही थांबवली नाहीत.

"आयेक सांगशीत?"

"सांगूक नको?"

"डॉक्टरान आता चालू करूक सांगल्यान, इतक्याच सांग. खोटा नाय ता."

खोटं नव्हतंच. परवा बंद, आज चालू. डॉक्टरांचं कुणी काय विचारणार? मी पाण्याकडे बघत बसले. तोंडवलीजवळ होडी वाळूला टेकली तेव्हा किनारा अजून शंभर हात लांब होता. गुणाजी ढकलायला उतरला. मी थांबले नाही. गुडघाभर चिखलातून घर गाठलं.

आये पडवीत बसली होती. देवीला जायचं म्हणून काढून ठेवलेलं हिरवं लुगडं तिने नेसलं होतं. जत्रा चुकली तरी घरातून हात जोडताना अंगावर धड वस्त्र असावं म्हणून. तिच्या मांडीवर बाबली. शेवंती त्याच्या पायांशी.

"आसा?" मी विचारलं.

"आसा," आये म्हणाली.

"वरचा देवक व्हया. आताच्या आता. मीठ घालून." मी चुलीकडे धावले. मडकं थंड होतं, पेज सकाळीच संपून गेली असणार. नवी शिजवायची तर तांदूळ धुण्यापासून सुरुवात. मी तांदळाच्या डब्याकडे वळले.

"त्या कोनाड्यात बघ," आये पडवीतून म्हणाली.

कोनाड्यात काशाचा पेला होता, वर पान झाकलेलं. आत सकाळचं वरचं, निवलेलं.

"रोज काढून ठेवतंय," आये म्हणाली. "सांजेक व्होतून टाकतंय. काय सांगाचा, खयच्या येळाक चालू कर म्हणतीत."

मी मीठ घातलं आणि बोट बुडवून चाखलं. किती खारट असायला हवं ते माप त्या वेळी माझ्या दोन्ही गालांवरून ओघळत होतं, लांब जावं लागलं नाही. फळीवरची शिंपी काढून मी शेवंतीच्या हातात दिली.

पहिली शिंपी ओठांच्या कोपऱ्यातून बाहेर आली. दुसरीही. तिसऱ्या वेळी शेवंतीने करंगळीने त्याचा ओठ खाली ओढला आणि थेंब थेंब सोडलं. गळा हलला. आम्ही तिघी त्या गळ्याकडे बघत होतो. पुन्हा हलला. चार शिंप्या गेल्या आणि तो सगळं ओकला.

"थांब," मी म्हणाले. "जरा थांब. मगे परत."

गुणाजी आल्याआल्या माडावर चढला. शहाळं फोडून पाणी आणलं. पेजेचं, मग शहाळ्याचं, मग पुन्हा पेजेचं. ओकला की थांबायचं, आणि थांबलं की आये विचारायची, "झाला काय गो थांबान?" शेवंतीचा हात अवघडला की मी, माझा अवघडला की आये. जुलाब झाला तेव्हा शेवंतीचा हात थबकला.

"दी गो," मी म्हणाले. "जाईना. तू दी. हात आखडूचो नाय म्हणान सांगल्यान."

ऊन पडवीतून अंगणात उतरलं, अंगणातून माडांच्या शेंड्यांवर चढलं. मी दर थोड्या वेळाने बाबलीच्या फडक्याखाली हात घालून बघत होते.

"काय बघतंस सारख्या?" आयेने विचारलं.

मग मला डॉक्टरांची मुदत सांगावी लागली. दिवे लागायच्या आत. नाही झाली तर उचलून मसुऱ्याला. खाडीत तर सुकी पुळण पडलेली.

सूर्य बुडाला. सावित्रीकाकीच्या तुळशीपुढे दिवा लागला. पलीकडच्या घरात चिमणी पेटली. आमच्या घरात अंधार झाला, तरी आये जागची हलेना. रोज तिन्हीसांजेला दिव्याला क्षणाचा उशीर झाला तर घर डोक्यावर घेणारी बाई.

"आये, दिवो लावूचो काय?" शेवंतीने हळूच विचारलं.

"घाय काय आसा? उजेड आसा अजून." उजेड कुठेच नव्हता. "आमच्या घरात दिवे लागूक नाय अजून. काय गो?"

अंगणातून सावित्रीकाकीची हाक आली, "आनंदीबाय, दिवो खंय तुमचो? त्याल संपला काय?"

"आसा त्याल!" आये ओरडली. "तू आपल्या वातीकडे बघ!"

त्या अंधारात मला कुणाचं तोंड दिसत नव्हतं, म्हणून मला ते बोलता आलं. "आये, डॉक्टरान पेज बंद करूक सांगूक नाय होता. दूध म्हणालो होतो तो. वरचा दूध. माका कळला नाय. मी तुमका चुकीचा सांगलंय."

समुद्राचा आवाज येत होता. शेवंतीचा श्वास ऐकू येत होता, जोराचा, नाकातून. मी तिच्या शिव्यांची वाट बघत होते. त्या आल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

"वैनी," ती शेवटी म्हणाली. तिचा आवाज मला ओळखू आला नाही. "शिंपी रिकामी झाली. भरा."

मी भरली. तिने पाजली. बाबलीने ती शिंपी दातांनी धरून ठेवली. त्याला दात चारच, पण सोडीना. शेवंती ओढायला लागली तेव्हा तो किरकिरला. उजाडल्यापासून त्याचा आवाज आम्ही ऐकला नव्हता.

आणि तेवढ्यात आये एकदम ताठ झाली.

"गो," ती म्हणाली. "गो बाय माझे."

"काय झाला?"

"गरम लागता." तिने माझा हात धरून आपल्या मांडीवर ठेवला. हिरवं लुगडं ओलं होत होतं, पसरत होतं. मी हात नाकाशी नेला. नुसती लघवी, दुसरं काही नाही.

"मुतलो!" आये एवढ्या मोठ्याने ओरडली की सावित्रीकाकी आपल्या तुळशीपुढचा दिवा उचलून आमच्या अंगणात धावत आली. "मुतलो गो माझो राजा! देवीच्या लुगड्यार मुतलो!"

शेवंती आपलं तोंड त्या ओल्या लुगड्यातच खुपसून रडायला लागली. गुणाजी दारात उभा होता, तो उगाचच पुन्हा माडाकडे गेला. मी उठू की बसू मला कळेना.

"आता काय बघीत ऱ्हवलंस?" आये माझ्यावर ओरडली. "दिवो लाव, चौथी पास! आनी फुडल्या खेपेक डॉक्टराक मालवणीत इचार."

मी काडी ओढली.